शहाण्णवाचे एकाहत्तर

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उपचार केंद्रातल्या नव्या मॅडमनी वाजत्या डफावर तळहात ठेवला, तेव्हा डफकाकांना वाटलं, कुणीतरी पडलं.

अकरा वर्षांत वाजता डफ कुणी असा थांबवला नव्हता. वीज जायची, छताचा पंखा कुरकुरत बंद पडायचा, बाहेर रस्त्यावर कुणाची तरी जुंपायची, पण डफ चालू राहायचा. काकांनी मान वर करून आधी डोकी मोजली. नऊ. नऊच्या नऊ उभी होती, आणि नऊही जणं एक पाय पुढे टाकून तशीच थबकली होती. ठोका थांबला की त्यांचे पायही थांबायचे.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. सगळ्यांना पाच मिनिटं बसू दे. तुम्ही जरा सामानाच्या खोलीत या."

मॅडम हळू बोलल्या होत्या, पण शाळेच्या बाईंचे कान तिखट. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या या बाई आता स्वतःच वर्गात पाऊल टाकायला शिकत होत्या, जीभ मात्र अजून फळ्यापाशीच उभी होती. खुर्चीत टेकता टेकता त्या म्हणाल्या, "काका, पाटी-दप्तर घेऊनच जा हो. बोलावण्याची तऱ्हा काही बरी दिसत नाही मला."

सगळे हसले. काकाही हसले. ते हसू सामानाच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत टिकलं.

डफकाका हे काही जन्माचे वादक नव्हेत. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं ठसे मारायच्या यंत्रावर काढली. यंत्र खाली आलं की हात बाहेर, वर गेलं की हात आत. एवढं एक चुकलं नाही म्हणून दहाही बोटं घेऊन घरी आलो, असं ते सांगत. डफ वाजवायचा तो कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात, हौसेपुरता. ते निवृत्त झाले त्याच साली त्यांच्या थोरल्या भावाला, दादांना, कंपवाताने गाठलं. या आजाराचं एक विचित्र असतं. चालायचं कसं हे माणसाला पक्कं माहीत असतं, पण पायांपर्यंत हुकूम पोचत नाही. दादा न्हाणीघराच्या दारात यायचे आणि पाय जमिनीला चिकटायचे. ढकललं तर तोल जायचा, ओढलं तर चिडायचे. एक दिवस काकांनी वैतागून दाराच्या फळीवर तळहाताने ठेका धरला, आणि दादा त्या ठेक्यावर सरळ चालत आत गेले. आतून म्हणाले, "थांबलास का? परत बाहेर कोण आणणार मला?"

ही हकिगत उपचार केंद्रातल्या जुन्या मॅडमच्या कानावर गेली. त्यांनी काकांना डफासकट बोलावून घेतलं. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन सकाळी तळमजल्यावरच्या त्या लांबट दालनात काका एका स्टुलावर बसत आणि वाजवत. भिंतीला धरायला लाकडी दांडा, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, पट्टीवरून पट्टीवर पाऊल. अर्धा तास चालणं. पुढे त्याला जोडून, सतरंज्या अंथरून पंधरा मिनिटं नुसतं पडून ऐकणं. तेव्हा काका बोटांच्या टोकांनी इतकं मऊ वाजवत, की दिवसभर थरथरणारे हातही निवांत पडून राहत. दादा चार वर्षांनी गेले. तेराव्या दिवसानंतरच्या सोमवारी काका पुन्हा स्टुलावर हजर होते. बायको म्हणाली, "आता कुणासाठी?" ते म्हणाले, "बाकीचे आहेत ना."

त्यांचा म्हणून एक नियम होता. शेवटचं पाऊल जमिनीला टेकल्याशिवाय पुढचा ठोका टाकायचा नाही. मागे राहणाऱ्याला मागे सोडायचं नाही. लोक म्हणत, डफकाकांच्या हाताला माया आहे.

सामानाच्या खोलीत सतरंज्यांची चळत होती, आणि टेबलावर तो दिवा, ज्याच्या उबेला काका डफाचं ढिलं पडलेलं कातडं ताणून घेत. मॅडमनी त्या दिव्याखाली एक जाड वही उघडली. मॅडमना येऊन दोनच महिने झाले होते. वहीतलं अक्षर जुन्या मॅडमचं होतं.

"चष्मा बाहेर राहिला," काका म्हणाले.

"मी वाचते. हे पहिलं वर्ष. सगळा वर्ग मिनिटाला शहाण्णव पावलं. पाचवं वर्ष, पंच्याण्णव. सहावं, नव्वद. मग सत्त्याऐंशी. मग ब्याऐंशी. पुढे मोजलेलंच नाही, नुसतं 'सगळे छान' लिहिलंय. मी गेल्या आठवड्यात मोजलं, काका. एकाहत्तर."

काकांनी मान हलवली. "आजार वाढतोच हो. आणि वयं काय कमी आहेत?"

"मलाही तेच वाटलं. डॉक्टरांना सांगून सगळ्यांची औषधं बदलून घेणार होते. त्याआधी म्हटलं, एकदा एकेकाला बाहेरच्या बोळात चालवून बघू." मॅडमनी मोबाइल पुढे केला. त्यात एक टकटक होती. हवा तो आकडा घातला की मिनिटाला तेवढे ठोके. "हे लावून चालवलं. शिंपीमामा ब्याण्णवला चालले. न अडखळता. शाळेच्या बाई अठ्ठ्याऐंशी. तीच माणसं, तेच पाय. आत तुमच्या डफावर एकाहत्तर."

"म्हणजे?"

"म्हणजे ते हळू झालेले नाहीत. डफ हळू झालाय."

काका उभे होते ते सतरंज्यांच्या चळतीवर बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती. त्यांना फक्त आपला श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला. वर्षानुवर्षं नऊ-दहा माणसं त्यांच्या हाताच्या भरवशावर पाऊल उचलत होती. ते जेवढं हळू वाजवत तेवढं हळू ती चालत, आणि सगळीच एकसाथ हळू होत गेल्यामुळे कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. नवा माणूस आला की पंधरा दिवसांत तोही त्याच चालीला लागायचा.

"माझा हात गेला," ते म्हणाले.

"तसं लगेच नका म्हणू. डॉक्टरांना दाखवू."

पण काकांना डॉक्टरांची गरज वाटत नव्हती. अकरा वर्षं त्यांनी हा आजार इतक्या जवळून पाहिला होता, की तो कुठल्या दाराने घरात शिरतो हे त्यांना पाठ होतं. चालताना एक हात हलेनासा होतो. सदऱ्याची गुंडी लागत नाही. लिहिताना अक्षर बारीक होत जातं. त्या दुपारी घरी आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या तीनदा काढल्या, तीनदा लावल्या. मग एक कागद घेऊन खिडकीपाशी बसले आणि एकाखाली एक आपली सही करत सुटले. चाळीस सह्या झाल्या असतील. सगळ्या सारख्या दिसत होत्या, आणि सगळ्या बारीकही दिसत होत्या.

बायको चहा घेऊन आली. कागदाकडे पाहून म्हणाली, "कुणाला काय लिहून देताय एवढं? माझ्यासाठी काही ठेवा."

काकांनी सांगितलं. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. बायकोच्या हातातला चहा निवून गेला.

"डाव्या हाताने की उजव्या?" तिने विचारलं.

"काय?"

"कुठला हात गेला म्हणताय?"

"कळत नाही."

"मग गेला नसेल," ती म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता, आणि रात्री जेवताना दोघंही त्यांच्या हाताकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काकांना अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मनगटं फिरवून पाहिली, खोलीभर चालवलं, वळवलं, मागून हलकासा धक्का देऊन पाहिलं. मग आपल्या खुर्चीत बसून म्हणाले, "काही नाही झालेलं तुम्हाला. हात माझ्यापेक्षा बरे आहेत. जा घरी."

काकांचा जीव भांड्यात पडला. तो जिना उतरेपर्यंत भांड्यात राहिला. शेवटच्या पायरीवर त्यांच्या मनात आलं, हात चांगले आहेत तर मग डफ हळू कसा झाला? आणि ते कठडा धरून तिथेच उभे राहिले. आजार असता तर तो आजाराचा दोष होता. आता दोष ठेवायला दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

बुधवारी वर्गाच्या आधी मॅडमनी त्यांना सामानाच्या खोलीत डोळे मिटून एकट्याने वाजवायला सांगितलं. मोबाइल हातात धरून त्या मोजत होत्या. पंच्याण्णव. पाच मिनिटांनीही पंच्याण्णव. दहा मिनिटांनी चौऱ्याण्णव.

"यंत्रासारखं वाजवता तुम्ही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शिंपीमामांना आत घेतलं. दार उघडं ठेवून बोळापर्यंत जायला आणि यायला सांगितलं. शिंपीमामा म्हणजे बोटभर मिशीचा, टापटीप माणूस. आजारातही सदऱ्याची इस्त्री मोडू दिली नाही त्यांनी. वर्गात ते कायम पुढे असत. आज काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. डफ सुरू झाला, ते चालू लागले, आणि मॅडम मोबाइलवर चित्रण करत उभ्या राहिल्या.

ते चित्रण मॅडमनी नंतर काकांना दाखवलं. काकांनी स्वतःला असं कधी बघितलंच नव्हतं. स्टुलावर एक म्हातारा वाकून बसलेला, त्याची नजर समोरच्या डाव्या पायावर खिळलेली. डावा पाय जरासा घासत यायचा. म्हाताऱ्याचा हात डफावर पडायला निघायचा, हवेत क्षणभर थांबायचा, पाय टेकायचा, मग हात पडायचा. थांबणं किती, तर पापणी लवेल एवढं.

"बघितलंत?" मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला पंच्याण्णव होतं. तीन मिनिटांनी नव्वद. पंधरा मिनिटांनी चौऱ्याहत्तर. ते तुमच्या ठोक्याची वाट बघतात आणि तुम्ही त्यांच्या पावलाची. दोघंही एकमेकांसाठी थांबता, आणि दोघंही खाली घसरता."

काका पुन्हा पुन्हा तो हवेतला हात बघत होते.

"हा तुमचा थांबायचा नियम कधीपासूनचा?"

काकांनी आठवून पाहिलं. पहिल्यापासून होता असंच त्यांना वाटत आलं होतं. पण पहिली पाच वर्षं नुसतं चालणंच असायचं, आणि तेव्हा ते कारखान्यातल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघून वाजवत. पडून ऐकणं जुन्या मॅडमनी नंतर सुरू केलं. त्यात निजलेल्या माणसाच्या छातीकडे बघायचं, श्वास सुटला की ठोका टाकायचा.

"सहाव्या वर्षी सुरू झालं ते," काका म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना वहीतला आकडा आठवला. सहावं वर्ष, नव्वद.

"पडून ऐकताना तुम्ही करता ते अगदी बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथे श्वासाच्या मागे जायचं असतं, म्हणून तर लोक शांत होतात. पण हाताला वाट बघायची गोडी लागली, आणि ती चालण्यातही शिरली. चालताना कुणाची वाट बघायची नाही, काका. ठोक्याने पुढे राहायचं आणि पायाला ओढून आणायचं."

जिला सगळे माया म्हणत होते ती ही. मारकुट्या माणसाला निदान आपण मारतो हे ठाऊक असतं.

घरी त्यांनी बायकोला ते चित्रण तोंडी सांगितलं. ती म्हणाली, "रागावणार नसाल तर एक सांगू? रस्त्यातून जाताना तुम्ही कधी माझ्या पुढे गेला नाहीत. मी हळू झाले की तुम्ही हळू. मंडईला जायला हल्ली आपल्याला पाऊण तास लागतो. मला वाटायचं, तुमचे गुडघे दुखतात, म्हणून मी आणखी हळू चालायची."

"माझे गुडघे कुठे दुखतात?"

"माझेही नाही दुखत," बायको म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत बसली. हसावं की काय करावं ते कुणालाच सुचलं नाही.

शुक्रवारी काकांनी वर्गाला सांगायचं ठरवलं. मॅडम म्हणाल्या होत्या, मी सांगते. पण काका नाही म्हणाले. स्टुलावर बसून नाही, उभं राहून त्यांनी सांगितलं. बोलायची सवय नसल्यामुळे ते आकडेच जास्त बोलले. शहाण्णव, नव्वद, ब्याऐंशी, एकाहत्तर. शेवटी म्हणाले, "तुमचे पाय ठीक होते. मी तुम्हाला हळू केलं."

शाळेच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे मी उगाचच कपाटं आवरली म्हणायची. मरायच्या तयारीने साड्या वाटल्या हो मी. आता मागायला जाऊ?" एरवी यावर खसखस पिकली असती. आज कुणी हसलं नाही, आणि बाईंनीही मान खाली घातली.

शिंपीमामा खुर्चीच्या हातावरून सारखं बोट फिरवत होते, कापड चाचपतात तसं.

"मी मशीन देऊन टाकलं," ते म्हणाले.

मशीन म्हणजे त्यांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन. पन्नास वर्षं ते त्यावर बसले होते.

"आठ महिने झाले. भाचीला दिलं. वर्गात सगळ्यांच्या पुढे मी, आणि माझी चाल ही अशी. वर्गात चालता चालता भिंतीवरच्या घड्याळावर पावलं मोजली मी. म्हटलं, पुढच्याची ही गत तर संपले आपले पाय. आता पायडल मारायला गेलो तर दोरा तुटणार, शिवण वाकडी येणार, लोक तोंडावर काही बोलणार नाहीत आणि दुसरीकडे कपडे टाकणार. त्यापेक्षा आब राखून उठावं."

"एकदा मशीनवर बसून नाही पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

काका एक पाऊल पुढे आले. "मी जातो भाचीकडे. मी सांगतो तिला सगळं. परत आणू आपण."

"काय आणणार?" शिंपीमामांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं काकांना वाटलं. "तिने मोटर बसवून घेतली. पायडल काढून गच्चीवर टाकलंय, त्यावर कुंड्या ठेवते ती. आणि तिचं शिवण चांगलं चाललंय. तिच्या पोटावर पाय देऊन मी काय माझे पाय आजमावू?"

दादांच्या अंत्ययात्रेत कोरडे राहिलेले डोळे इथे भरून आले, तेही नऊ माणसांदेखत. ते एवढंच म्हणाले, "मी आता वाजवत नाही. मॅडमच्या मोबाइलवर चाला तुम्ही. तो कुणासाठी थांबत नाही."

"छान," शिंपीमामा म्हणाले. "माझं मशीन गेलं ते गेलं, आता डफही न्या."

ते उठले आणि दांड्याला धरून दालनाबाहेर गेले. दारात त्यांचे पाय अडकले. सवयीने काकांचा हात डफाकडे गेला आणि मध्येच राहिला. मॅडम धावल्या, टाळ्या वाजवून त्यांनी मामांना दाराबाहेर काढलं.

त्या आठवड्याच्या अखेरीस काकांनी डफ भिंतीच्या खिळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. बायको म्हणाली, "वाजवणार नसाल तर गवसणी तरी घाला त्याला, धूळ बसेल." त्यांनी गवसणी घातली नाही.

सोमवारी ते वर्गात गेले ते वाजवायचं म्हणून नाही. न जाणं त्यांना जमलं नाही. डफ मात्र बगलेत होता. मॅडमनी त्यांचं स्टूल उचललं, दालनाच्या टोकाला नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"बसा. एका कानात हा मोबाइलचा इयरफोन घाला. यात ऐंशीची टकटक आहे. डफावर सगळ्यांचे पाय एकाहत्तरला सवकलेत, म्हणून एवढ्यावर सुरू करून दर आठवड्याला थोडी वाढवू. काही झालं तरी मागे वळायचं नाही."

"कुणी पडलं तर?"

"ते मी बघेन. ते तुमचं काम नाही."

काका भिंतीकडे तोंड करून बसले. नाकासमोर हातभर अंतरावर पिवळट रंगाचा पोपडा सुटला होता. पाठीमागे खुर्च्या सरकल्या. किती जणं आली आहेत हे त्यांना दिसत नव्हतं, विचारायचा धीरही नव्हता. त्यांनी हात टाकला.

मागून पावलं उठली. आधी विस्कळीत, मग सावरत. न बघताही काकांना कळत होतं कोण कुठे आहे. हे शाळेच्या बाईंच्या चपलांचं फटफट. ही कोपऱ्यातली जड टाच. आणि मग, सगळ्यांच्या जरा मागून, घासत येणारा तो डावा पाय.

शिंपीमामा आले होते.

घासलेलं पाऊल उशिरा पडत होतं. काकांचा हात हवेत थांबायला निघाला, इतका ओढीने, की खांद्यात कळ आली. कानात टकटक चालू होती. त्यांनी दात दाबून धरले आणि हात टाकला. पाऊल मागे राहिलं. पुढचा ठोका. पाऊल आणखी मागे राहिलं. मागे काहीतरी आदळलं, खुर्ची करकरली, कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. काकांची मान आपोआप वळू लागली.

"वाजवत राहा," मॅडमचा आवाज आला.

ते वाजवत राहिले. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरला. डफावर पडणारा आपला हात त्यांना परक्याचा वाटत होता, निर्दय माणसाचा. दहा ठोके, पंधरा ठोके, मागे कुजबुज, आणि घासणारं पाऊल कुठेच नाही. मग ते उठलं. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, आणि एका ठोक्यावर नेमकं पडलं. पुढच्यावरही पडलं.

बऱ्याच वेळाने मागून शिंपीमामांचा आवाज आला. ते काकांशी बोलत नव्हते.

"मॅडम, ऐंशीच का? चार वाढवा की."

कानातली टकटक वाढली. काकांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी हाताचा वेग वाढवला आणि पावलांच्या पुढे राहिले.